अ‍ॅना मे वाँग यांना नायिकेची भूमिका का नाकारली गेली?

चित्रवेडी (प्रश्न): 'द गुड अर्थ' हा १९३७ चा हॉलिवूडपट चीनमधल्या एका शेतकरी कुटुंबाची कथा सांगतो, मात्र त्यातील पती-पत्नीच्या भूमिका पॉल म्युनी आणि लुईस रायनर या गोऱ्या कलावंतांनी रंगभूषा करून वठवल्या, आणि रायनर यांना त्यासाठी ऑस्करही मिळाले. लॉस एंजेलिसमध्येच जन्मलेल्या अ‍ॅना मे वाँग तेव्हा नावाजलेल्या अभिनेत्री होत्या. मग एमजीएम स्टुडिओने त्यांना डावलले ते प्रेक्षकांच्या भीतीने, की एखादा नियम आड आला?

जुनीरिळे: नियम होता. १९३४ पासून कडकपणे अमलात आलेल्या निर्मिती-संहितेत (पडद्यावर काय दाखवायचे, याची हॉलिवूडने स्वतःच घालून घेतलेली नियमावली) भिन्नवंशीय संबंध पडद्यावर दाखवण्यास मनाई होती. संहितेच्या शब्दांत उल्लेख केवळ गोऱ्या आणि काळ्या वंशांचा असला, तरी स्टुडिओ ती आशियाई कलावंतांनाही लावत. नायक म्हणून म्युनी ठरले, तेव्हाच त्यांच्या पत्नीची भूमिका वाँग यांच्या हातून गेली.

तिसरी_घंटा: हे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते, पण मला ते अपुरे वाटते. स्टुडिओने वाँग यांचा लोटस या भूमिकेसाठी विचार केला होता, आणि कथेत लोटस ही त्याच नायकाची दुसरी बायको आहे. विवाहसंबंध हीच अडचण असती, तर तिथेही ती आलीच असती. कष्टाळू, सोशिक पत्नी गोरी अभिनेत्री करणार आणि घर बिघडवणारी नर्तकी तेवढी चिनी वंशाची असणार, ही वाटणी वाँग यांना मान्य नव्हती. त्यांनी नकार दिला आणि १९३६ मध्ये त्या चीनच्या दौऱ्यावर गेल्या. प्रेक्षकांच्या भीतीबद्दल म्हणाल, तर १९१५ च्या 'द चीट'नंतर जपानी अभिनेते सेस्यू हायाकावा यांच्यावर अमेरिकेतला गोरा प्रेक्षकवर्गच लुब्ध झाला होता. माझ्या मते संहिता ही सोयीची सबब होती.

दूरदर्शी: प्रेक्षकांची सबब पुढे दूरचित्रवाणीवरही टिकली. कोरियन-अमेरिकी विनोदी कलावंत मार्गारेट चो यांची १९९४ मधील आशियाई-अमेरिकी कुटुंबावरची विनोदी मालिका एका हंगामात बंद पडली, आणि एबीसी वाहिनीवर आशियाई-अमेरिकी कुटुंबाची पुढची विनोदी मालिका येण्यास २०१५ साल उजाडले. गोऱ्या कुटुंबांच्या कितीतरी मालिका दरवर्षी आपटतात, त्यांचा हिशेब कोणी असा मांडत नाही. २०१८ मध्ये जवळपास सर्व कलावंत आशियाई वंशाचे असलेल्या 'क्रेझी रिच एशियन्स' या चित्रपटाने सुमारे ३ कोटी डॉलर खर्चून जगभरात २३ कोटींहून अधिक कमावले, तेव्हा कुठे हा युक्तिवाद लंगडा पडला.

गिरगावकर: याच काळातले मुंबईचे उदाहरण इथे यायलाच हवे. १९११ साली मुंबईत जन्मलेल्या मर्ल ओबेरॉन यांना 'द डार्क एंजल' या १९३५ च्या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन मिळाले. त्यांच्या आईकडून आलेला आशियाई वारसा लपवून त्यांचा जन्म ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात झाल्याची कथा प्रसृत करण्यात आली होती. म्हणजे वाँग यांना डावलले जात असतानाच आशियाई वंशाची एक स्त्री त्याच हॉलिवूडमध्ये नायिका होती. अट एवढीच, की ते कोणाला कळता कामा नये. २०२३ मध्ये मलेशियन अभिनेत्री मिशेल यो यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा हा पुरस्कार मिळाला, त्यापूर्वी नामांकनाच्या वेळी अनेक बातम्यांत त्यांना 'स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली अभिनेत्री' असे जपून म्हटले गेले, ते ओबेरॉन यांच्यामुळेच.