दोन नळ, एक टाकी, आणि उत्तर '६ तास'. शून्य द्यायला हवं होतं का?

सुदामानगरची आई

लेक आठवीत आहे, हिंदी माध्यमात. परवाच्या चाचणीत प्रश्न होता: एका नळाने टाकी ६ तासांत भरते, तसेच २ नळ एकदम सोडले तर किती वेळ लागेल? हिने लिहिलं, ६ तास. खाली एक ओळ जोडली, 'क्योंकि लाइन तो एक ही है।' बाईंना ३ हवं होतं, मिळालं शून्य.

इंदुरात राहणाऱ्यांना यातली गंमत समजावून सांगायला नको. नर्मदा (म्हणजे आमचं नळाचं पाणी) जलूदच्या पंपांवरून सत्तर किलोमीटर चढून येते, आमच्याकडे एक दिवसाआड येते, आणि आली की अंगणातला नळ सोडल्यावर मोरीतली धार करंगळीएवढी होते. पोरीने जे जन्मापासून पाहिलं ते लिहिलं.

पण शून्यावरून मी भांडत नाहीये. घरी तिला विचारलं, व्यस्त प्रमाण म्हणजे काय गं? आधी तिला वाटलं मी 'बिझी' म्हणतेय. शाळेत त्याला 'प्रतिलोम समानुपात' म्हणतात, आणि हिंदीत व्यस्त म्हणजे कामात बुडालेला. ते निस्तरल्यावर पाठ केलेलं उत्तर आलं: 'एक बढ़े तो दूसरा घटे.' म्हटलं बरं, तुझ्या गल्ल्यात ५०० रुपये आहेत, रोज २० काढतेस. दिवस वाढतात, पैसे घटतात. प्रतिलोम का? म्हणाली, हो. चार दिवसांनी किती उरतील? ४२०. आठ दिवसांनी? 'दिवस दुप्पट, तर पैसे आधे. २१०.' गल्ला उघडून मोजले असते तर ३४० निघाले असते.

म्हणजे नळाच्या गणितात डोकं चालवलं तर शून्य, आणि पाठ केलेलं वापरलं तर १३० रुपयांचा घाटा. माझं म्हणणं, ही वाढलं-घटलंची व्याख्या वर्गातून हद्दपार करा. सम असेल तर भागाकार तोच राहतो, व्यस्त असेल तर गुणाकार तोच राहतो. दोन्ही नाही, तर ते या धड्यातलं नाहीच. आधी एवढं तपासायला शिकवा, उदाहरणं नंतर. पटतंय का?

बाणवाले सर

ताई, रागावू नका, पण शून्य बरोबर दिलंय. वीस वर्षं क्लास घेतोय. प्रश्नात 'तसेच २ नळ' असं आहे ना? तसेच म्हणजे दुसराही नळ एकटा तेवढंच पाणी देतो आणि दोघं एकमेकांच्या आड येत नाहीत. गणिताच्या पेपरात तुमच्या मोरीची पाहणी कुणी मागितलेली नाही. उद्या चाळीस पोरं आपापल्या घरचं प्लंबिंग घेऊन आली तर पेपर तपासायचा कसा?

आणि वाढलं-घटलं टाकून देऊन चालणार नाही. ८ मजूर रोज ६ तास काम करून १० दिवसांत भिंत बांधतात, ५ मजूर रोज ८ तास काम करून किती दिवसांत? माझी पोरं बाण काढतात. मजूर कमी, दिवस जास्त: उलटे बाण. तास जास्त, दिवस कमी: पुन्हा उलटे. ८ × ६ × १० भागिले ५ × ८, उत्तर १२ दिवस. अर्ध्या मिनिटात. तुमचं 'आधी तपासा' करत बसलं तर याच एका गणितात तास संपेल.

अर्धी जिलबी

एक प्लेट पोह्यांसाठी रांगेत १० मिनिटं. चार प्लेट घेतल्या तर ४० का? 😄 सर, बाण कुठे काढू?

सुदामानगरची आई

सर, तुमच्या पद्धतीने उत्तर येतं, नाकारत नाहीये. पण का येतं? कारण त्या धड्यातला प्रत्येक प्रश्न सम नाहीतर व्यस्त असतोच. नाणं उडवलं तरी निम्मी बरोबर येतील. बाणाने दिशा कळते. किती वाढलं, किती घटलं हे बाण सांगत नाही. गल्ल्याच्या गणितात माझ्या लेकीने बाण अगदी बरोबर काढले होते हो!

रामबागचे आजोबा

तुम्ही दोघं ज्यावर भांडताय त्याला आमच्या वेळी त्रैराशिक म्हणत. प्रमाण (दिलेली संख्या), फल (तिचं दिलेलं उत्तर), इच्छा (जिचं उत्तर काढायचं ती संख्या). फलाला इच्छेने गुणा, प्रमाणाने भागा. उलट असेल तर प्रमाणाने गुणा, इच्छेने भागा. भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहे, साल ११५०. संस्कृत श्लोक आमच्या मास्तरांनी छडीच्या तालावर पाठ करून घेतला होता. शेवटचे शब्द अजून जिभेवर आहेत: 'व्यस्तविधिर्विलोमे', म्हणजे उलट असेल तर उलटी कृती.

आता बघा, आचार्य तेवढ्यावर थांबत नाहीत. व्यस्त कुठे-कुठे लावायचं त्याची वेगळी यादी देतात, आणि त्यात सोन्याचा कस आणि वजन आहे. आपल्या सराफ्यात चला. रात्रीच्या खाऊगल्लीत नाही, दिवसाच्या सोनारांच्या बाजारात, भुट्ट्याचा कीस विसरून. २२ कॅरेटचा १८ ग्रॅमचा दागिना आहे. तेवढंच शुद्ध सोनं १८ कॅरेटमध्ये हवं तर किती वजन लागेल? २२ ग्रॅम. २२ × १८ म्हणजे ३९६, इकडून घ्या की तिकडून. दोन्हीत शुद्ध सोनं साडेसोळा ग्रॅम. कस उतरला की वजन चढतं, एवढंच सांगून सोनार दुकान चालवेल का?

बाणवाले सर

आजोबा, म्हणजे तुम्ही माझ्या बाजूचे. आधी पाठ, मग समज.

रामबागचे आजोबा

पाठ सातवीत झालं. समजलं चाळिशीत, सुनेच्या बांगड्या मोडायला नेल्या तेव्हा. बाजू कुठली ते तुम्हीच ठरवा.

एक बाप

मी सरांच्या बाजूने. आमच्या चिरंजीवांना एका उत्साही बाईंनी ताईंसारखंच शिकवलं. 'सगळं प्रमाणात नसतं' म्हणून ऑटोचं उदाहरण दिलं: समजा पहिल्या २ किलोमीटरला ४० रुपये आणि पुढे किलोमीटरला १०. मग ४ किलोमीटरला ६० होतात आणि ८ ला १०० होतात, १२० नव्हे. छान. मलाही आवडलं. पण आता पोरगा कशावरच विश्वास ठेवत नाही. ५ वह्या २०० रुपयांना, तर ८ वह्या कितीला? हा विचारतो, 'आठ घेतल्यावर डिस्काउंट नाही का मिळणार?' शेजारचा पोरगा ३२० लिहून क्रिकेट खेळायला गेलासुद्धा. शंका काढायला आयुष्य पडलंय, आधी हात तर बसू दे.

सुदामानगरची आई

तुमचा पोरगा हुशार आहे. दुकानात त्यालाच पाठवा.

फिजिक्सवाली

मला दोघांचंही अर्धंच पटतंय. ताई, गुणाकार-भागाकार तपासणं ठीक, पण त्यासाठी आधी आकड्यांच्या दोन-तीन जोड्या हातात हव्यात. शाब्दिक गणितात एकच जोडी दिलेली असते. त्या एका जोडीवरून काय तपासणार? तिथे एकच विचारायचं: *काय धरून ठेवलंय?*

अंतर, वेग, वेळ घ्या. तीनच गोष्टी. वेग धरून ठेवला तर अंतर आणि वेळ सम. वेळ धरून ठेवली तर अंतर आणि वेग सम. अंतर धरून ठेवलं तर वेग आणि वेळ व्यस्त. इथून उज्जैन ५५ किलोमीटर धरा. ताशी ५५ ने एक तास, ११० ने अर्धा तास (वाटेत सांवेरपाशी कोण ११० ने जाऊ देईल, तो प्रश्न वेगळा). अंतर ठरलेलं आहे, म्हणून गुणाकार तोच राहतो. 'वेग आणि वेळ व्यस्त असतात' हे वाक्य सुटं अर्धवटच आहे. माझ्याकडे अकरावीला येणारी मुलं बॉयलचा नियम असाच घोकून येतात: दाब वाढला की आकारमान घटतं. तापमान तेच आणि वायू तेवढाच ठेवायचा, हे गळलेलं असतं, आणि तीच तर अट आहे. बॉयलने १६६२ मध्ये आकडे मांडले तेसुद्धा गुणाकार दाखवायलाच. नुसतं दाबलं की आकसतं हे फुगा दाबणाऱ्या पोरालाही माहीत असतं.

मजुरांच्या गणितात काय धरलंय? काम तेवढंच, आणि सगळे मजूर सारखे. सरांच्या १२ दिवसांतही हेच दडलंय, बाणांत नाही.

बाणवाले सर

मॅडम, अकरावीची गोष्ट आठवीत आणू नका. माझ्यासमोर बारा-तेरा वर्षांची पोरं बसतात, निम्म्यांचा अजून १७ चा पाढा अडतो. 'काय धरलंय' विचारलं तर म्हणतील, 'सर, पेन.'

पण एक मान्य. गल्ल्याचं उदाहरण मी उद्या वर्गात विचारणार आहे. कोण-कोण २१० म्हणतं बघतो.

पाइपवाला

सिव्हिलमध्ये आहे, पाइपलाइनचंच काम. नळावर कुणी बोलेना म्हणून लिहितोय.

पोरीचं ६ चूक आणि सरांचं ३ ही (खऱ्या घरात) चूक. पाणी कुठे अडतं ते बघावं लागतं. मोठ्या पाइपावर दोन बारके नळ असतील तर अडतं ते नळाच्या तोंडाशी. दुसरा सोडल्याने पहिल्याला फरक पडत नाही आणि वेळ ३ च्या जवळ येतो. लाइनच बारीक असेल, वर दाब कमी, तर अडतं ते लाइनीत. तेवढंच पाणी दोघांत वाटलं जातं आणि वेळ ६ च्या जवळ राहतो. घराघरांत बहुतेक मधलं काहीतरी असतं.

या गणितात खरं तर दोन पायऱ्या एकात कोंबल्यात. पहिली: नळ किती आणि मिनिटाला पाणी किती. हे सम *मानलेलं* आहे, असतंच असं नाही. दुसरी: मिनिटाला पाणी किती आणि टाकी भरायला वेळ किती. हे व्यस्त आहेच, कारण टाकी तीच आहे. पोरीने दुसऱ्या पायरीत काही चूक केलेली नाही. तिने पहिली पायरी नाकारली. पेपर तपासणाऱ्याला ते दिसलं नाही, कारण प्रश्नात ती पायरीच लिहिलेली नव्हती.

बाणवाले सर

भिया, 'मधलं काहीतरी' पेपरात लिहिता येत नाही. किती ते सांगा.

सुदामानगरची आई

सर, आज सकाळी पाणी होतं. साडेपाचला लेकीला उठवलं, मोबाइलचं घड्याळ लावलं, २० लिटरच्या दोन बादल्या मांडल्या. एकट्या अंगणातल्या नळाने एक बादली भरायला १०० सेकंद. दोन्ही नळ एकदम सोडून दोन्ही बादल्या भरायला १६० सेकंद, मोरीतली जरा उशिराने भरली. म्हणजे एका नळाने मिनिटाला १२ लिटर, दोघांनी मिळून १५. २४ पण नाही आणि १२ पण नाही.

मग तिनेच केलं, बाण न काढता. १२ × ६ म्हणजे ७२, टाकी तीच आहे तर १५ × किती ७२? ४.८ तास. चार तास अठ्ठेचाळीस मिनिटं. पाइपवाल्या दादांना सांगा म्हणाली. स्वतःचं ६ चुकलं याचं तिला वाईट वाटलं नाही, बाईंचं ३ ही चुकलं यावर खूश आहे.

बाणवाले सर

बरं. आणि वार्षिक परीक्षेत हाच प्रश्न आला तर काय लिहिणार?

सुदामानगरची आई

विचारलं. म्हणते, '३ लिखूँगी, और ब्रैकेट में: अगर लाइन अलग हो।'

बाणवाले सर

कंसाचे मार्क नसतात, सांगून ठेवा तिला.

(माझ्या वर्गात २८ पैकी १९ जण २१० म्हणाले.)