सर्दीचं सिरप ‘तपासलेलं’ असतं म्हणजे नक्की काय तपासतात?

धनकवडीची आजी
नातू साडेतीन वर्षांचा. लेक-जावई दोघंही हिंजवडीला, त्यामुळे दिवसभर तो माझ्याकडेच. प्लेग्रुपमधून सर्दी घेऊन येतो, आणि फ्रिजच्या दारात मागच्या पावसाळ्यातली सिरपची अर्धी बाटली उभीच असते. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची लेकरं खोकल्याच्या सिरपनं गेली, त्यातली कितीतरी नागपूरला आणली होती, ते वाचल्यापासून त्या बाटलीला हात लावावासा वाटत नाही. जावई म्हणतात, “आई, औषध आधी उंदरांवर, मग माणसांवर तपासूनच बाजारात येतं.” मग ही मुलं कशी गेली? उंदरांना काही झालं नव्हतं का? कुणी या क्षेत्रातलं असेल तर मला समजेल असं सांगा. गूगल करा म्हणू नका, करून झालंय.

भोसरी_क्यूसी
काकू, जावई बोलतायत ती तपासणी खरी आहे, पण तिचा त्या मुलांशी काही संबंध नव्हता. मी नोकरीभर औषध कंपन्यांच्या क्यूसीत, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या विभागात होतो, म्हणून सांगतो. उंदरांवर तपासतात ते नवं औषध, बाजारात येण्याआधी. तुमच्या फ्रिजमधली बाटली कुठल्याच उंदरानं पाहिलेली नसते! बाटलीची तपासणी वेगळी, ती प्रत्येक बॅचला नव्यानं करायची असते, आणि घात तिथे झाला.

पातळ औषधात मूळ औषध विरघळवायला प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन घालतात. ते ड्रमनं येतं. डायएथिलीन ग्लायकॉल दिसायला तसंच: पारदर्शक, दाट, गोडसर, वर स्वस्त. पण ते मूत्रपिंड निकामी करतं. म्हणून ड्रम उघडून नमुना घ्यायचा, जीसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) लावायचा आणि हे विष ०.१ टक्क्याच्या आत आहे ना, ते बघायचं. छिंदवाड्याच्या त्या सिरपमध्ये तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला ४८.६ टक्के सापडलं. म्हणजे जवळपास निम्मी बाटली. एवढं असताना जीसीवर ते दिसत नाही, असं होऊच शकत नाही. कुणी लावलंच नसणार. पुरवठादाराचा कागद बघून माल आत घ्यायचा, ही खोड मी डोळ्यांनी पाहिलीय. दुपारी ड्रम उतरतो, प्रॉडक्शनवाले संध्याकाळीच मागे लागतात, “साहेब, रिलीज द्या ना,” म्हणजे वापरायची परवानगी.

आणि हे नवं नाही. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड या जंतुनाशकाचं पातळ औषध याच डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये बनवलं, शंभरावर माणसं गेली. मूळ औषध चांगलं होतं. पुढच्याच वर्षी तिथे कायदा आला, की विकण्याआधी सुरक्षितता दाखवा. आपल्याकडे १९८६ला मुंबईत जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून हेच घडलं, १४ रुग्ण दगावले, चौकशीला लेंटिन आयोग बसला. तरी २०२५मध्ये पुन्हा तेच!

पेठेतला_संशयी
सगळं सेटिंग असतं हो. उंदरांचे रिपोर्टही घरी बसून लिहीत असतील.

टॉक्सवाली
रिपोर्ट घरी बसून लिहायचे असते तर रविवारीही सकाळी अॅनिमल हाउसला, प्रयोगाचे उंदीर ठेवतात तिथे, कशाला गेले असते? औषधाचा विषारीपणा तपासायच्या ९० दिवसांच्या स्टडीत उंदरांची वजनं घ्यायची, खाणं मोजायचं, शेवटी यकृत-मूत्रपिंडाच्या स्लाइड पॅथॉलॉजिस्टकडे. यातून ज्या डोसपर्यंत काहीच इजा दिसत नाही तो काढतात आणि माणसांत त्याच्या बऱ्याच खाली सुरुवात करतात. बहुतेक वेळा आधी निरोगी प्रौढ, मग रुग्ण, शेकड्यांनी, पुढे हजारांनी. पण एखादा त्रास दहा हजारांत एकाला होत असेल, तर तीन हजारांच्या चाचणीत तो बहुधा दिसतच नाही. तो औषध विकायला लागल्यावरच कळतो, आणि तोही कुणी कळवला तरच. १८००-१८०-३०२४ हा त्यासाठीचा टोल-फ्री नंबर आहे. माझ्या ओळखीतल्या कुणीही तो कधी फिरवलेला नाही.

धनकवडीची आजी
म्हणजे भेसळ उंदरांच्या चाचणीत कळणारच नव्हती, असंच ना? मग वास घेऊन किंवा चाखून मला कळेल का?

भोसरी_क्यूसी
बरोबर. आणि नाही, अजिबात कळणार नाही. वास जवळजवळ नसतो, चव गोड. चाखू नका.

तशीही मागच्या पावसाळ्यात उघडलेली बाटली ठेवायची नसते. पाच वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याचं सिरप सहसा देऊ नये, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानंही सांगितलंय. दोन वर्षांखाली तर नाहीच. नुसती सर्दी असेल तर पाणी भरपूर, विश्रांती. श्वास जोरात चालला, खाणं सुटलं तर डॉक्टर.

एक मात्र लक्षात ठेवा. कुठलंही सिरप दिल्यावर मुलाला उलट्या सुरू झाल्या आणि लघवी कमी झाली, तर वाट बघू नका, लगेच रुग्णालय गाठा. बाटली बरोबर न्या, बॅच नंबर तिच्यावरच असतो.

धनकवडीची आजी
ही फेकते. बेसिनमध्ये ओतू का?

भोसरी_क्यूसी
नको. चहाच्या चोथ्यात कालवून पिशवी घट्ट बांधा आणि कचऱ्यात द्या. बाटलीवरचं लेबल फाडून टाका.