विषय: ट्रॉफीसाठी लाकडी शोकेस, कोण करतंय?

नमस्कार मंडळी,

फिरती ट्रॉफी यंदा आपल्याकडे आलीये हे सगळ्यांना माहितीये, आणि ती सध्या माझ्या कपाटावर टॉवेलात गुंडाळलेली आहे हे आता माहिती झालं. कमिटीत ठरलंय की विकतची नको, आपल्यातलेच हौशी सुतार आहेत ना. ट्रॉफी पितळेची, वरून चांदीचा मुलामा, उंची ४६ सेंमी, रुंदी २४. माझ्या डोक्यात ओकची फ्रेम, पुढे काच, आत मरून रंगाचं लोकरीचं फेल्ट, आणि सगळ्या फटी सिलिकॉनने बंद, म्हणजे धूळही नको आणि पॉलिशची कटकटही नको. हात वर करा बघू.

– सेक्रेटरी

---

उत्तर: ट्रॉफीसाठी लाकडी शोकेस

अगं, पेटी मी करतो, पण तू लिहिलंयस तशी केली तर वर्षभरात ट्रॉफी काळी पडेल आणि सगळे मला धरतील.

चांदी काळी पडते ती गंधकाने, आणि लोकरीत गंधक असतंच. म्हणजे फेल्ट लावून पेटी घट्ट बंद करायची आणि वर म्हणायचं पॉलिश नको, हे उलटंच झालं. काळेपणा आतच तयार होणार आणि बाहेर जायला वाट नाही. रबराच्या गोळ्या, रबरी गॅस्केट यांचंही तेच, त्यातही गंधक घातलेलं असतं. आणि मुलामा म्हणजे पातळ थर, दर पॉलिशला थोडा थोडा जातो, काही वर्षांत खालचं पितळ दिसायला लागतं. ओक दिसतं सुंदर पण त्यातून ॲसेटिक ॲसिडची वाफ निघत राहते. चांदीला त्याचं फारसं काही नाही, शिशाला मात्र फार वाईट, पितळेलाही बरं नाही आणि आपल्या ट्रॉफीवर नावांच्या पट्ट्या पितळेच्याच आहेत. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन असतं ना, तेही सुकताना हेच ॲसिड सोडतं. लावायचंच असेल तर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घे.

मी मेपल घेईन. कुठलंच लाकूड अगदी निर्दोष नाही, पण हे त्यातल्या त्यात बरं. आत न रंगवलेलं, धुतलेलं सुती कापड. पॉलिश झाल्यावर पेटी दार उघडं ठेवून निदान ३-४ आठवडे तशीच पडू दे, वास येतोय तोवर ट्रॉफी आत ठेवायची नाही. घाई करू नका रे, दर वेळी घाईच नडते.

– काका

---

उत्तर: उत्तर: ट्रॉफीसाठी लाकडी शोकेस

काका, काचेऐवजी ॲक्रिलिक का नको? हलकं आहे, फुटून तुकडे होत नाहीत, हॉलमध्ये पोरं पळत असतात. आणि कोपरे मी ४५ अंशात मशीनवर कापून देतो, आतून एलईडी पट्टी पण लावू.

– तुमचा हेल्पर

---

उत्तर: उत्तर: उत्तर: ट्रॉफीसाठी लाकडी शोकेस

अरे, ॲक्रिलिक पुसलं की त्यावर स्टॅटिक येतं आणि मग धूळ ओढून घेतं, शिवाय चार वेळा फडकं फिरलं की बारीक चरे. पोरांची काळजी खरी आहे, म्हणून लॅमिनेटेड काच घेऊ, तडकली तरी तुकडे मधल्या फिल्मला धरून राहतात. टफन्ड नको, ती एकदा टफन केली की कापता येत नाही आणि आपलं माप पहिल्या फटक्यात बरोबर येईल असं मला तरी वाटत नाही.

४५ अंशाचं बोलतोस, तर मशीन अर्धा अंश जरी चुकलं तरी चार कोपरे म्हणजे आठ काप, शेवटच्या कोपऱ्यात ४ अंशांची फट. आधी दोन तुकडे कापून गुण्याला लावून बघ. त्यातून टोकाला टोक चिकटवलेला सांधा कच्चा राहतो, म्हणून प्रत्येक कोपऱ्यात तिरकी खाच मारून पातळ पट्टी बसवायची. चिकटवल्यावर दोन्ही कर्ण मोज, सारखे आले तर फ्रेम गुण्यात.

मागची फळी प्लायची नको, त्यातला गम काय सोडेल सांगता येत नाही. मेपलच्याच फळ्या जोडू, पण ती फळी फ्रेमच्या खाचेत मोकळी बसवायची, गम अजिबात लावायचा नाही. हिटर लागला की हवा कोरडी होते आणि लाकूड रेषांच्या आडवं आकसतं, उन्हाळ्यात परत फुगतं. जखडून ठेवलंस तर तडकणार. काचेलाही चारी बाजूंनी दीड-दोन मिलिमीटर जागा सोड.

एलईडी चालेल पण ट्रान्सफॉर्मर बाहेर.

– काका

---

उत्तर: मापं!!

काका, कार्डबोर्डचं मॉडेल केलं तुमच्या स्केचवरून, आत रुंदी ३६, खोली २८, उंची ६०, पुढे दोन्हीकडे ४ सेंमीची चौकट. ट्रॉफी आतच जात नाहीये 😅 ताईंनी २४ मोजलं ते वाटीचं माप आहे, कानांपासून कानांपर्यंत ३४ भरतंय. उघडं तोंड २८ चं. बाजूने घालून आत फिरवावी म्हटलं तर खोली पुरत नाही. चौकट काढून दारच पूर्ण रुंदीचं केलं तर?

– हेल्पर

---

उत्तर: उत्तर: मापं!!

शाबास, पुठ्ठा वाया गेला, लाकूड वाचलं. हो, चौकट काढ, दार पूर्ण रुंदीचं आणि आतली रुंदी ४४ कर, हातांनाही जागा लागते. उंची ६० च राहू दे, नावांच्या पट्ट्या संपल्या की बैठकीला खाली नवीन कडं लावतात, ट्रॉफी वाढत जाते.

ताई, तोवर तुला एक काम. म्युझियमवाले पेटीतलं सामान तपासतात त्याला ऑडी टेस्ट म्हणतात, कापडाचा तुकडा आणि चांदी-शिसं-तांब्याच्या पट्ट्या ओलाव्यासकट बंद नळीत, ६० अंशाला २८ दिवस. आपण घरगुती करू. दोन बरण्या, दोन्हीत घासलेला चांदीचा चमचा आणि ओला कापूस, एकीत तुझं फेल्ट, दुसरीत सुती कापड, झाकणं घट्ट लावून उबदार जागी.

– काका

---

उत्तर: उत्तर: उत्तर: मापं!!

काका, महिना झाला. सुती कापडाचा चमचा होता तसाच आहे, फेल्टचा पिवळसर तपकिरी झालाय आणि तो सासूबाईंचा होता. घासून देते. पेटीत सुती कापड लावा, मरून नसलं तरी चालेल.

– सेक्रेटरी