अनुभव धागा: अमेरिकेत ताशी पगारावर

अमेरिकेतला मराठी माणूस म्हटलं की सॉफ्टवेअर, डॉक्टरकी आणि विद्यापीठ, एवढ्यावर गप्पा थांबतात. पण आपल्यातले कितीतरी जण ताशी पगारावर राबतात किंवा कधीतरी राबलेले आहेत. गॅस स्टेशनवर, डोनटच्या दुकानात, पाळणाघरात, कॅम्पसच्या मेसमध्ये. भारतात फोन करताना मात्र याचा उल्लेख टाळला जातो. म्हणून हा धागा काढते आहे. मनमोकळं लिहा, फक्त मालकांची आणि दुकानांची नावं नकोत.

मी न्यू जर्सीत पेरोलचं, म्हणजे कामगारांचे तास आणि पगार यांच्या हिशेबाचं काम करते, म्हणून थोडे आकडे आधीच देऊन ठेवते. केंद्राचं किमान वेतन जुलै २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. त्यात आजवर एका सेंटची भर पडलेली नाही. आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे, एकही खाडा न करता काम केलं तर वर्षाचे १५,०८० डॉलर होतात, तेही करापूर्वी. राज्यं आणि शहरं याहून जास्त ठरवू शकतात. २०२५ मध्ये न्यू जर्सीत १५.४९, कॅलिफोर्नियात १६.५० आणि सिअ‍ॅटल शहरात २०.७६ होतं. टेक्सास, जॉर्जिया, पेनसिल्व्हेनिया आणि नॉर्थ कॅरोलायना अजून ७.२५ वरच आहेत.

माझं मतही सांगून टाकते. "कष्ट करा, वर याल" हे आपल्याकडे फार ऐकू येतं. कष्टांवर माझाही विश्वास आहे. पण ज्यांचे तास मी दर पंधरवड्याला भरते त्यांच्यात कामचुकार माणूस शोधून सापडत नाही. जबाबदारी कामगाराची जितकी, तितकीच त्याच्या तासाचा भाव ठरवणाऱ्याची. ज्यांना हे पटत नाही त्यांनीही जरूर लिहावं.

एडिसन, न्यू जर्सी. डोनटचं दुकान.

मी एसटीच्या नाशिक विभागात लेखा शाखेत होतो. निवृत्तीनंतर मुलीने आम्हा दोघांना ग्रीन कार्डावर बोलावून घेतलं. ईपीएस-९५ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतली पेन्शन किती तुटपुंजी असते ते एसटीवाल्यांना सांगायला नको. मुलगी-जावई काही कमी पडू देत नाहीत. पण बीपीच्या गोळ्या आणायच्या तरी मुलीला सांगायचं, हे माझ्या जिवाला लागायचं.

इथली सोशल सिक्युरिटीची पेन्शन मिळायला ४० क्रेडिट लागतात. २०२५ मध्ये १,८१० डॉलर कमावले की एक क्रेडिट मिळायचं, आणि वर्षाला जास्तीत जास्त चार. कोणी लाखो कमावले तरी चारच. म्हणजे दहा वर्षं कुणालाच चुकत नाहीत. मेडिकेअरमधला, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्यातला, इस्पितळाचा भागही ४० क्रेडिट झाली की हप्त्याशिवाय मिळतो. ३० पेक्षा कमी असतील तर तो विकत घ्यायला २०२५ मध्ये महिन्याला ५१८ डॉलर पडायचे. बासष्टाव्या वर्षी हा हिशेब मांडला आणि कामाला लागलो.

पहाटे चारला दुकान उघडायचं. कॉफी लावायची, डोनटचे ट्रे फडताळात भरायचे. पाचपासून ट्रकवाले येतात. "तीन क्रीम, चार साखर" हे मला आता माणूस दारात दिसला की कळतं. सगळी पाळी उभ्याने. घोटे सुजतात, त्यावर पट्टा बांधतो.

लेखा शाखेची सवय म्हणून पगाराची स्लिप मी जपून ठेवतो. २०२५ मधली एक स्लिप: आठवड्याला २५ तास, १५.४९च्या दराने ३८७.२५ डॉलर. त्यातून सोशल सिक्युरिटीचे २४.०१ आणि मेडिकेअरचे ५.६२ कापले गेले. तेवढेच पैसे मालकानेही स्वतःच्या खिशातून भरायचे असतात. ओळखीच्या एका दुकानदाराने मला "काका, रोखीत घ्या, कापाकापी नाही" असं सुचवलं होतं. मी हात जोडले. त्या कापाकापीसाठीच तर मी पहाटे उठतो!

माझ्या शेजारी काउंटरला उभी राहणारी बाई इक्वेडोरची आहे. इथून सुटली की दुपारी हॉटेलच्या खोल्या आवरायला जाते. दोन मुलं शिकवते आणि आईला पैसे पाठवते. तिला जबाबदारी शिकवायची कोणाची छाती आहे?

टेक्सास. विद्यार्थी.

मी कॅम्पसच्या डायनिंग हॉलमध्ये भांडी घासतो, ताशी साडेनऊ डॉलर. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं आणि तेही कॅम्पसवरच. महिन्याला साडेसातशेच्या आसपास येतात, त्यात भाड्याचा वाटा आणि किराणा निघतो. फीचं कर्ज कोल्हापुरात बाबांच्या नावावर आहे, ते तसंच आहे.

लिहायचंय ते माझ्या रूममेटबद्दल. वऱ्हाडातला, शेतकऱ्याचा मुलगा. त्याला कॅम्पसवर काम मिळालं नाही, म्हणून तो रात्री एका गॅस स्टेशनवर जायला लागला. ताशी सहा डॉलर, रोखीत. मालक आपल्याच देशातला. "तू माझ्या धाकट्या भावासारखा" म्हणायचा. थँक्सगिव्हिंगच्या सुमारास त्याने दोन आठवड्यांचे पैसे दिले नाहीत. विचारलं तर म्हणाला, जा, कर तक्रार, तुझाच व्हिसा जाईल. त्यावर बोलायला जागाच नव्हती. माझा मित्र त्या रात्री खोलीत आला, जेवला नाही, आणि सकाळी पेपरला गेला.

त्याने नियम मोडला हे मला मान्य आहे, त्यालाही मान्य आहे. पण नियम दोघांनी मोडला होता. भीती मात्र एकट्याच्या वाट्याला आली आणि पैसे दुसऱ्याकडे राहिले.

(धागाकर्ती: किमान वेतनाचा केंद्रीय कायदा व्हिसा विचारत नाही. केलेल्या तासांचे पैसे कागदपत्रं नसलेल्या माणसालाही द्यावेच लागतात. पण व्हिसाचा धोका खरा आहे, त्यामुळे अशा वेळी विद्यापीठाच्या विद्यार्थी कायदा सल्ला केंद्राशी आधी बोलावं. मालकाला हे सगळं ठाऊक असतं, म्हणूनच तो अशी मुलं निवडतो. आणि "आपला माणूस" म्हणून निवडतो, याचा मला जास्त संताप येतो.)

शार्लट, नॉर्थ कॅरोलायना. पाळणाघर.

माझं एमएस्सी झालेलं आहे. एच-फोरवाल्यांपैकी, म्हणजे एच-वनबी व्हिसावाल्यांच्या जोडीदारांपैकी, काहींना कामाचा परवाना २०१५ पासून मिळू लागला. तो हातात पडल्यावर घराजवळ मिळालं ते काम धरलं. तान्ह्या बाळांची खोली, पाच बाळांमागे एक बाई. २०२१ मध्ये परवान्याचं नूतनीकरण रखडलं. कार्डाची मुदत संपली त्या दिवशी संचालिकेने मला घरी पाठवलं, तिलाही दुसरा पर्याय नव्हता. मी सांभाळत असलेलं एक बाळ तेव्हा नुकतंच उभं राहायला लागलं होतं, त्याची पहिली पावलं मला बघायला मिळाली नाहीत.

तरी माझ्या घरात दुसरा पगार होता. माझ्याबरोबरची मुलगी एकटी आई. तिला ताशी १३ डॉलर मिळायचे आणि मुलाच्या पाळणाघरासाठी सरकारी अनुदान. संचालिकेने तिला एक डॉलरची वाढ देऊ केली. तिने जेवणाच्या सुट्टीत नॅपकिनवर हिशेब मांडला. वाढीने महिन्याला पावणेदोनशे आले असते, पण तिच्या हिशेबाने उत्पन्नाची मर्यादा ओलांडून त्याच्या कितीतरी पट अनुदान गेलं असतं. तिने वाढ नाकारली. दुसऱ्यांची मुलं दिवसभर सांभाळणाऱ्या बाईला स्वतःचं मूल सांभाळायला ठेवण्याइतका पगार नाही, हे मी तिथे रोज बघत होते.

ओहायो. निवृत्त अभियंता.

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. मी १९८१ मध्ये इथे शिकायला आलो. मेसमध्ये भांडी घासली, ताशी ३.३५ डॉलरवर. कुरकुर केली नाही, शिकलो, नोकरी लागली, घर झालं. आजकाल आधी हक्काची भाषा येते. सरकारी मदतीवर बसून खाणारे मी पाहिले आहेत. भांडी घासण्याचं काम कोणी जन्मभर करू नये, ती पहिली पायरी आहे. पहिल्या पायरीचा पगार वाढवत बसलो तर माणूस पुढची पायरी चढेल कशाला?

(धागाकर्ती: काका, मोकळेपणाने लिहिलंत, आवडलं. तुमच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण दोन गोष्टी. १९८१चं किमान वेतन ३.३५ म्हणजे आजच्या हिशेबाने साडेअकरा-बारा डॉलरच्या आसपास, आणि १९६८चं किमान वेतन १.६० म्हणजे आजचे चौदाच्या वर. तुमची पहिली पायरी आजच्या ७.२५ पेक्षा बरीच उंच होती. दुसरं, बसून खाण्याबद्दल. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १९९६ मध्ये सही केलेल्या कायद्याने गरीब कुटुंबांना केंद्राच्या पैशातून मिळणाऱ्या रोख मदतीला आयुष्यात एकूण पाच वर्षांची मर्यादा घातली आणि कामाची अट लावली. नव्या ग्रीन कार्डवाल्या प्रौढांना तर बहुतेक वेळा पहिली पाच वर्षं फूड स्टँपही, म्हणजे किराण्यासाठीची सरकारी मदतही, मिळत नाहीत. माझ्या याद्यांमधले काही जण पूर्ण आठवडा काम करूनही फूड स्टँपवर आहेत. त्यांचं पोट भरायला माझा-तुमचा कर जातो, कारण त्यांचा तास स्वस्तात घेतला जातो.)

फ्रेझ्नो, कॅलिफोर्निया. सँडविचच्या दुकानाचा मालक.

मालकाच्या बाजूने कोणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. माझं दुकान एका मोठ्या साखळीचं, फ्रँचायझी. १ एप्रिल २०२४ पासून, देशभरात ६० किंवा जास्त दुकानं असलेल्या फास्ट फूड साखळ्यांना इथे ताशी २० डॉलर द्यावे लागतात. त्याआधी १६ होते. माझं एकच दुकान असलं तरी साखळी मोठी म्हणून मी त्यात आलो.

काय केलं? दर वाढवले. रात्रीचा शेवटचा तास बंद केला. एक जण सोडून गेला त्याच्या जागी कोणी घेतलं नाही, शनिवार-रविवारी मी आणि बायको काउंटरला असतो. पहिले सहा महिने झोप लागत नव्हती.

पण हेही लिहितो: मुलं टिकायला लागली. पूर्वी शिकवून तयार केलेलं पोरगं दोन महिन्यांत गोदामात निघून जायचं, की पुन्हा पहिल्यापासून. आता तीच चौघं आहेत, गिऱ्हाईकं त्यांना नावाने ओळखतात. आणि एक गोष्ट लोकांना माहीत नसते. साखळीला मी जी रॉयल्टी देतो ती विक्रीवर असते, नफ्यावर नाही. दर वाढवले की तिकडे आपोआप जास्त जातात, मला उरो न उरो. जागेचं भाडं दरवर्षी वाढतं ते वेगळं. मजुरी वाढली की सगळे विचारतात की आता दुकानं कशी चालणार. भाडं वाढतं तेव्हा हाच प्रश्न मला कोणी विचारलेला नाही.

पेनसिल्व्हेनिया. भारतीय रेस्टॉरंटमध्ये वेटर.

आमच्याकडे टिप मिळणाऱ्याला मूळ पगार २.८३ द्यायचा असतो. टिप धरून ७.२५ झाले नाहीत तर फरक मालकाने भरायचा. आम्हाला हे कोणी सांगितलंच नव्हतं. सगळ्यांची टिप एका डब्यात जायची आणि मॅनेजर त्यातला वाटा घ्यायचा. २०१८ पासून मॅनेजरला टिपमधला पैसा घ्यायला बंदी आहे, हे मला एका गिऱ्हाइकाकडून कळलं.

माझं ग्रीन कार्ड होतं, म्हणून हिंमत केली. केंद्राच्या श्रम खात्याच्या वेतन विभागाकडे तक्रार दिली. फी नाही, वकील लागत नाही. तपासनीस आला, हजेरीच्या वह्या मागवल्या. मधल्या काळात मला फक्त सोमवारच्या दुपारच्या पाळ्या मिळायच्या, म्हणजे टिप जवळजवळ नाहीच. तक्रारदाराला असा त्रास देणं बेकायदा आहे, तेही मी तपासनिसाला लेखी कळवलं. शेवटी आम्हा सगळ्यांना थकलेल्या पैशांचे चेक मिळाले. स्वयंपाकघरातल्या एका मेक्सिकन माणसाने चेक हातात घेऊन मला विचारलं, "हे खरंच माझे आहेत?"

इंडियाना. आईसाठी विचारते आहे.

आई एका स्वस्त वस्तूंच्या दुकानात आहे. जेवणाचा अर्धा तास रोज पगारातून कापतात, पण गिऱ्हाईक आलं की डबा झाकून तिला गल्ल्यावर जावं लागतं, दुकानात दुसरं कोणी नसतं. ती म्हणते, जाऊ दे, वाद नको. हे बरोबर आहे का?

(धागाकर्ती: नाही. जेवणाची सुट्टी बिनपगारी धरायची तर त्या वेळात कामातून पूर्ण मोकळीक हवी. गल्ल्यावर बोलावलं की ती सुट्टी राहत नाही, त्या वेळेचे पैसे द्यायला हवेत. पाच ते वीस मिनिटांची छोटी विश्रांती दिली असेल तर ती पगारातच धरायची असते. आईंना एक साधी वही करायला सांगा. रोज तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, आणि जेवताना किती वाजता उठवलं ते. वही दुकानात ठेवू नका, घरी ठेवा. पगाराच्या स्लिपाही त्यातच लावा. मागचे पैसे साधारणपणे दोन वर्षांपर्यंतचे मागता येतात, मालकाने जाणूनबुजून केल्याचं दिसलं तर तीन वर्षांपर्यंतचे. आधी मॅनेजरला लेखी विचारा आणि त्याची प्रत ठेवा. पत्र इंग्रजीत लिहायला मदत लागली तर मला सांगा, मी लिहून देते.)