मदत हवी आहे: अडीच वर्षांचा मुलगा, स्पीच थेरपी आणि वेखंड

नमस्कार मंडळी. माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. 'आई', 'बाबा', 'नको', 'भू' असे जेमतेम १५ शब्द बोलतो, दोन शब्द जोडून अजून नाही. सांगितलेलं सगळं कळतं, हवं ते बोट दाखवून मागतो. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, दोन वर्षांपर्यंत साधारण ५० शब्द आणि दोन शब्दांची जोडणी अपेक्षित असते. आधी श्रवण तपासणी करा, मग स्पीच थेरपी. तपासणी पुढच्या आठवड्यात आहे.

इकडे सासूबाईंचा आग्रह, वेखंड मधात उगाळून चाटव. "याचे बाबाही तिसऱ्या वर्षी बोलले." (आणि आता थांबतच नाहीत, तेही खरं!) पण वेखंडात बीटा-असारोन हे घातक मानलं जाणारं रसायन असतं आणि अमेरिकेत १९६८ पासून खाद्यपदार्थांत वेखंडाला बंदी आहे, हे वाचल्यापासून माझा धीर होत नाही. त्यांना दुखवायचंही नाही. कसं समजावलंत तुम्ही?

थेरपिस्ट निवडताना काय पाहिलंत? एका बाईंनी मला बाहेर बसवलं आणि त्याला खुर्चीत बसवून नुसती चित्रांची कार्डं दाखवली. दुसऱ्या त्याच्यासोबत जमिनीवर बसून खेळल्या, घरी काय करायचं ते मलाच शिकवलं. मला दुसऱ्या पटल्या, पण त्यांची वेळ आठवड्यातून एकदाच मिळते. तेवढं पुरतं का? आणि घरात आमच्या दोन भाषा आहेत. एक बंद करा, असं कुणी सांगितलं का तुम्हाला?