'फायरआबेंट'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: एका जर्मन गोष्टीचं मराठी करते आहे. बेकरीतून निघताना गिऱ्हाईक विक्रेत्या बाईंना 'श्योनन फायरआबेंट' म्हणतं. अमेरिकन अनुवादात तिथे 'हॅव अ नाइस इव्हनिंग' आहे. 'शुभ संध्याकाळ' लिहिलं तर चालेल का?

प्रतिसाद: कृपया तसं लिहू नका. 'आबेंट' म्हणजे संध्याकाळ हे खरं, पण या शब्दाचा आता घड्याळाशी संबंध उरलेला नाही. रात्रपाळी संपवून सकाळी घरी निघालेल्या नर्सलाही सहकारी हेच म्हणतात. मूळ अर्थ सणाच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. पुढे तो रोजच्या कामाच्या शेवटाला आणि त्यानंतरच्या मोकळ्या वेळेला चिकटला. मला या शब्दाचं फार अप्रूप वाटतं, कारण त्यात समोरच्याच्या कष्टांची दखल आहे: तुमचं आजचं काम झालं, आता उरलेला वेळ तुमचा.

अमेरिकन अनुवादकाची अडचणही समजून घ्यायला हवी. तिथे तासांवर काम करणारा माणूस 'क्लॉक आउट' करतो, म्हणजे हजेरीच्या यंत्रात वेळ नोंदवून मजुरीचा हिशेब बंद करतो. पगारी अधिकाऱ्याला तर काम संपल्याची ती रेघही नसते. 1938च्या कायद्याने आठवड्याला 40 तासांनंतर जादा मोबदला ठरवला, पण व्यवस्थापक आणि व्यावसायिक त्यातून वगळले. प्रौढांनी दिवसाला किती तास राबावं याला संघराज्याच्या कायद्यात मर्यादा नाही, भरपगारी रजेची सक्तीही नाही. जर्मनीत 1994च्या कायद्यानुसार साधारण आठ तासांचा दिवस, आणि आजचं काम संपल्यापासून उद्याचं सुरू होईपर्यंत सलग 11 तासांची विश्रांती. रात्री दहाला ईमेल आली तर उत्तर सकाळी देणं तिथे कामचुकारपणा मानत नाहीत. अर्थात जर्मनीतही काही ठिकाणी लोक उशिरापर्यंत बसतातच, पण निदान निघणाऱ्याला अपराधी वाटत नाही.

आता मराठी. 'विसावा', 'उसंत' हे शब्द गोड आहेत, पण कामाच्या मध्येही उसंत मिळते. 'दिवेलागण' पुन्हा वेळेला बांधलेली. माझ्या मते नामाचा हट्ट सोडावा, कारण आपल्याकडे 'सुटणे' हे नेमकं क्रियापद आहे. शाळा सुटते, ऑफिस सुटतं, भोंगा झाला की गिरणी सुटायची. तुमच्या गिऱ्हाइकाच्या तोंडी 'सुटलात ना? आता निवांत घरी जा' शोभेल. बाई वयाने मोठ्या असतील तर 'सुटलात का मावशी?' एवढंही पुरे.

प्रश्न: आवडलं! पुढे एक बाप भांडणाऱ्या मुलांवर ओरडतो, 'येट्स्ट इस्ट आबर फायरआबेंट!' तिथेही 'सुटणे'च?

प्रतिसाद: तिथे नाही. शब्द तोच असला तरी बाप 'संपवा हे' असं दटावतो आहे. सरळ 'बास झालं आता!' लिहा. आणि 'फायरआबेंटबिअर' आली तर 'कामावरून सुटल्यावरची बिअर' असं लांबलचक लिहायला संकोचू नका. तिथे 'हॅपी अवर' मात्र घालू नका. तो बारमधल्या सवलतीचा ठरावीक वेळ असतो, आणि ही बिअर बरेच जण घरच्या बाल्कनीत बसून पितात.