'गोळीबाराचा खेळ' की 'नेमखेळ'?

शूटर गेमला, म्हणजे बंदुकीने शत्रू टिपण्याच्या व्हिडिओ गेमला, मराठीत काय म्हणावे, या प्रश्नावर 'गोळीबाराचा खेळ' असा पर्याय सुचवला गेला आहे. अर्थाने तो चूक नाही, तरी मला तो पटत नाही, आणि त्याचे कारण असा खेळ उत्तम कशामुळे ठरतो याच्याशीच जोडलेले आहे.

गोळीबाराला लक्ष्य लागतेच असे नाही. 'पोलिसांनी हवेत गोळीबार केला' हे वाक्य आपण सहज वाचतो, पण 'हवेत नेमबाजी केली' असे कोणीही म्हणणार नाही. नुसत्या गोळ्या झाडण्याची सोय सुमार खेळांतही असते. तिथे बंदुका ढीगभर असतात आणि हातात घेतल्यावर सगळ्या सारख्याच वाटतात.

'नेमबाजी' म्हणावे तर तो शब्द क्रीडाप्रकारासाठी रूढ झाला आहे, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवणाऱ्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेला आपण नेमबाज म्हणतो, आणि तिथले लक्ष्य जागचे हलत नाही की उलट गोळी झाडत नाही. म्हणून मी 'बाजी' सोडून 'नेम' एवढाच धरतो, कारण या दोन अक्षरांत बरेच काही मावते.

नेम म्हणजे निशाणा, हे उघडच आहे. पण तेवढ्याने भागत नाही. 1993 च्या 'डूम'मध्ये वर-खाली पाहताच येत नसे. शत्रू उंच कट्ट्यावर असला तरी बंदूक त्याच्या रेषेत आणली की गोळी आपोआप वर जाई, आणि तरीही तो खेळ थोर ठरला, कारण तिथे कस लागे तो पायांचा: अंगावर येणारा आगीचा गोळा चुकवत कुठे सरकायचे आणि कोणाला आधी टिपायचे.

नेमाचा दुसरा अर्थ नियम, जो 'नेमाने' आणि 'नेमधर्म' या शब्दांत टिकून आहे, आणि माझ्या मते खेळाची खरी थोरवी इथे आहे. 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये एके-47 चे बटण दाबून धरले की गोळ्या आधी वर चढतात आणि मग आडव्या झुकू लागतात, आणि हा क्रम जवळजवळ दर वेळी तोच असतो. मी स्वतः रिकाम्या भिंतीवर तीस गोळ्यांचे अख्खे मॅगझिन रिकामे करून भोकांची ती नक्षी न्याहाळली आहे, आणि मग माउस उलट दिशेने ओढत ती भोके एका जागी आणण्याचा सराव कित्येक संध्याकाळी केला आहे. धावता धावता झाडलेली गोळी तिथे भरकटते, म्हणून आधी थांबावे लागते. नियम असे पक्के असले की हरल्यावर चूक आपली होती हे कळते आणि पुन्हा खेळावेसे वाटते.

आणि तरीही 'त्याचा काही नेम नाही' असे आपण माणसांबद्दल आणि पावसाबद्दल म्हणतो, तसे ते शत्रूबद्दलही म्हणता आले पाहिजे. 2001 च्या 'हेलो'मध्ये म्होरक्या एलिट पडला की धाकटे ग्रंट बहुधा हात वर करून सैरावैरा पळत सुटतात, त्यामुळे एकाच जागची चकमक दोनदा खेळली तरी वेगळी होते. बंदूक नेमाची आणि शत्रू बेनेम, असे जुळले की खेळ रंगतो.

यासाठी मी 'नेमखेळ' हा शब्द सुचवतो. 'गेम' मी मुद्दाम टाळला, कारण मुंबईच्या बोलीत 'गेम करणे' म्हणजे एखाद्याला जिवे मारणे, आणि तो वास इथे नको. खेळातली बंदूक चालवताना हाताला जे जाणवते, खेळाडू ज्याला 'गनप्ले' म्हणतात, त्यासाठी मात्र मला नाम सापडलेले नाही. 'या बंदुकीवर हात बसला' हे क्रियापद तेवढे सुचते, आणि सध्या मी तेच वापरतो.